राशनकार्डावर ती, सातबाऱ्यावर तो

जागतिक आर्थिक मंचाचा स्त्री-पुरुष विषमतेचा अहवाल हल्ली जूनमध्ये येतो, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. २०२५ च्या अहवालात भारत १४८ देशांत १३१ वा आला. आदल्या वर्षी १४६ देशांत १२९ वा होता. आकडा आला की शहरातल्या वाहिन्यांवर एक दिवस हळहळ होते. आमच्या यवतमाळ-वाशीमकडे मात्र पानटपरीवर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची टिंगल होते. "कसली विषमता? सरपंच बाई आहे, एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, लाडक्या बहिणीचे दीड हजार आहेत. आता बाप्याचंच काही खरं नाही." एक बाजू क्रमांक नाचवते, दुसरी योजना मोजून दाखवते. दोघांनाही आपण वाद जिंकला असं वाटतं, आणि तिकडे पऱ्हाटीत वाकून निंदण करणाऱ्या बाईला यातल्या कोणाचंच बोलणं लागू पडत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बाईला मान मिळतो का आणि मदत मिळते का, एवढ्या दोन प्रश्नांभोवती हा वाद फिरतो. तिच्या मालकीचं काय आहे, हे कोणी विचारत नाही. खेड्यात पीककर्जापासून पीकविम्यापर्यंत सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला चिकटलेलं असतं. तिथे विषमता मोजायची तर सुरुवात तलाठ्याच्या दप्तरातूनच करावी लागेल.

आधी क्रमांकाचं पाहू. टिंगल करणाऱ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, हा क्रमांक लावण्याची रीत विचित्र आहे. बांगलादेश २०२४ मध्ये ९९ वा होता, २०२५ मध्ये थेट २४ वा झाला. तिथली शेतमजूर बाई एका वर्षात पंचाहत्तर पायऱ्या चढली, असं कोणी छातीठोक सांगेल का? गेल्या पन्नास वर्षांत देशाच्या प्रमुखपदी बाई किती काळ होती, यालाही त्या मोजणीत बरंच वजन आहे, आणि हसीना व खालिदा झिया यांनी मिळून त्यातली बरीच वर्षं व्यापलेली आहेत. म्हणून १३१ हा आकडा कोणाच्या तोंडावर फेकण्यात मला रस नाही. पण त्याच अहवालाचं पोट उघडून पाहिलं तर आपलंच घर दिसतं. शिक्षणात भारताने दरी ९७ टक्क्यांपर्यंत भरून काढली आहे. कमाई आणि आर्थिक संधीच्या रकान्यात मात्र गाडी ४१ टक्क्यांच्या आसपास अडते. पोरगी बीएस्सी झाली, मार्कशीट तिच्या नावाची आहे, आणि त्या पलीकडे तिच्या नावावर काही नाही. हे सांगायला खरं तर दावोसला जमणाऱ्या त्या मंचवाल्यांची गरज नव्हती.

दुसरा आवडता मुद्दा असतो, 'अफगाणिस्तान पहा'. पाहावंच. तिथे २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद आहे. पण आपल्याहून वाईट कोण हे शोधायला निघालं की कोणीतरी सापडतंच. उलट्या दिशेनेही तसंच आहे. भारतातल्या बायकांनी १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मतदान केलं. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशपातळीवर मताचा अधिकार १९७१ मध्ये मिळाला. जपानसारख्या श्रीमंत देशात २०१८ मध्ये टोकियोच्या एका वैद्यकीय विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण मुद्दाम कमी केल्याचं उघड झालं. पहिल्या क्रमांकावरच्या आइसलँडमध्येही १९७५ च्या ऐतिहासिक संपानंतर २०२३ मध्ये बायकांना पुन्हा काम बंद करून रस्त्यावर यावं लागलं, आणि त्या संपात खुद्द पंतप्रधान बाई सामील झाल्या. श्रीमंती आली की बरोबरी आपोआप येते असं नाही. कोणता हक्क कागदावर आहे आणि तो वापरायची मुभा कोणाला आहे, यावर सगळं ठरतं.

आता योजना. महिन्याचे दीड हजार म्हणजे रेवडी, असं जे शहरी लोक म्हणतात त्यांनी किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसमोर कधी उभं राहून पाहिलेलं नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणं, पोराच्या वहीसाठी किंवा स्वतःच्या औषधासाठी नवऱ्यापुढे हात न पसरावा लागणं, ही लहान गोष्ट नाही. मी ती मुळीच हलकी लेखत नाही. पण ज्या योजनेने बाईला स्वतःचं खातं दिलं, तिच्याच ई-केवायसीत २०२५ मध्ये नवऱ्याचा किंवा बापाचा आधार मागितला गेला. ज्यांना नवरा नाही आणि बापही नाही, त्या बायका सेतू केंद्रांच्या दारात ताटकळल्या, मग कुठे त्यांच्यासाठी सोय करण्याचं ठरलं. शासन निर्णयाने आलेली रक्कम शासन निर्णयाने जाऊही शकते. यादीत नाव राहील की नाही, याचा घोर महिन्या-महिन्याला असतो. तिच्याच नावच्या अर्ध्या एकराला असा घोर नसतो.

राशनकार्डाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली वडील बाई ही राशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख ठरली. चांगलंच झालं. पण आमच्याकडची एखादी म्हातारी जे बोलते ते कोणत्याही अहवालात नसतं: "राशनकार्ड माह्या नावाचं हाये, वावर सासऱ्याच्या." खाऊन संपणारं धान्य तिच्या नावाने येतं. धान्य पिकवणारी जमीन त्याच्या नावाने राहते.

ही जमीन कसतं कोण? डवरणी, फवारणी आणि बाजार बाप्याकडे. निंदण, खत घालणं, वेचणी आणि सोयाबीनची सोंगणी बहुतांशी बायांकडे. कापसाच्या हंगामात सकाळी स्वयंपाक उरकून, डबा बांधून, कमरेला ओटी बांधून दिवसभर वेचायचं, संध्याकाळी काट्यावर किलो मोजून द्यायचे, आणि घरी आल्यावर पुन्हा चूल. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. रोजी निघाली तर बाईची तीनशे असेल तिथे माणसाची साडेचारशे-पाचशे, आणि कारण विचारलं तर 'तिचं काम हलकं'. दिवसभर वाकून राहणं हलकं असतं हे ज्याने ठरवलं त्याला एक तास खुरपं द्यावं. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला. आमच्या धुऱ्यापर्यंत तो पोचायचाय. इतकं करून शेतकरी म्हणून नोंद कोणाची? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावे होती जेमतेम १४ टक्के.

ही नोंद म्हणजे नुसता मान असता तर एवढं लिहिलं नसतं. पीएम किसानचे सहा हजार जमीनधारकाला. पीककर्ज सातबाऱ्यावर. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर पीकपेऱ्याची नोंद लागते. आणि आता फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक. मागे एका सेतू केंद्रात पाहिलं, एक बाई पन्नीत कागदं घेऊन आली होती: आधार, पासबुक, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची झेरॉक्स. कंप्युटरवरच्या पोराने गट नंबर टाकला, खातं सासऱ्याचं निघालं. "काकू, तुमचं नाव लागत नाही. तुमच्या मालकाचंही नव्हतं." ती म्हणाली, "मंग वावर कोन करते, हे कुठी लिवत नाही का?" पोराने मान हलवली आणि पुढच्याचा नंबर घेतला. त्याची चूक काय होती? यंत्राला कसणारा दिसत नाही, खातेदार दिसतो. आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या सरकारी मदतीच्या 'पात्र-अपात्र'च्या फेऱ्यात किती बायका याच कारणाने अडकल्या हे यवतमाळ, अमरावती, वर्धा जिल्ह्यांत कोणालाही विचारा. जमीन बापाच्या नावावर, कर्ज सावकाराचं, आणि मरणारा शेतकरीच नव्हता असा निकाल.

इथे समोरून येणारा सगळ्यात सबळ मुद्दा असा, की विदर्भात गळफास घेणारा पुरुष आहे. कर्जाची नोटीस त्याला येते, बाजारात भाव पडल्यावर घरी तोंड दाखवायचं ओझं त्याच्यावर असतं. हे नाकारणारा माणूस या मातीतला नव्हे. पण हे ओझं एकट्यावर का आलं? मालकी एकट्याची म्हणून कर्जही एकट्याचं, निर्णयही एकट्याचा, आणि अपमानही. बायकोचं नाव सातबाऱ्यावर असतं तर बँकेत दोन सह्या लागल्या असत्या आणि सावकाराकडे जाण्याआधी घरात एकदा तरी बोलणं झालं असतं. पुरुषाच्या दुःखाचा दाखला देऊन विषमता नाही म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, की ते दुःखही बऱ्याच अंशी त्याच विषमतेतून आलेलं आहे.

दुसरा सबळ मुद्दा पोरांच्या लग्नांचा. शेती करणाऱ्या पोट्ट्याला पोरगी मिळत नाही. तिशी उलटलेली, निर्व्यसनी, पाच एकराची पोरं बसून आहेत. मग दलाल येतात, पैसे घेतात, आणि लग्नानंतर आठ दिवसांत नवरी पसार झाल्याच्या बातम्या छापून येतात. लोक म्हणतात, पोरींच्या अपेक्षा वाढल्या. वाढल्या असतील. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४. त्या २००१ च्या मोजणीतली पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत. ज्या मुली सोनोग्राफीच्या खोलीतून पुढे आल्याच नाहीत, त्यांच्या अपेक्षांना दोष कसा द्यायचा? गर्भलिंग निदानावर राज्याने कायदा १९८८ मध्येच केला होता, देशात सगळ्यात आधी. आणि ज्या आल्या त्यांनी आपल्या आयांना पाहिलंय. शेतकऱ्याच्या घरात लग्न करणं म्हणजे बिनपगारी, बिनमालकीची जन्मभराची मजुरी, हे त्यांना बारावीच्या आतच कळतं. त्या शेतीला नाही म्हणत नाहीत, या व्यवहाराला नाही म्हणतात.

दक्षिण कोरिया या गल्लीतून आपल्याआधी गेला आहे. १९९० मध्ये तिथे शंभर मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे जन्माला येत होते. घराण्याचा प्रमुख पुरुषच, अशी 'होजू' नावाची पद्धत कायद्यातच होती. त्याचं फळ पुढे गावांना मिळालं: २००५ मध्ये शेती-मासेमारी करणाऱ्या ज्या कोरियन पुरुषांची लग्नं झाली, त्यांतल्या एक-तृतीयांशाहून जास्त जणांच्या नवऱ्या परदेशी होत्या, व्हिएतनामसारख्या देशांतून आणलेल्या. पण तोवर दुसरी प्रक्रियाही सुरू झाली होती. १९९१ पासून वारशात मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने होजू घटनेशी विसंगत ठरवली, २००८ पासून ती संपली. आणि २००७ च्या सुमारास जन्मणाऱ्या मुला-मुलींचं प्रमाण पुन्हा निसर्गाच्या पातळीवर आलं. सगळं कायद्यामुळे झालं असं नाही; कारखाने आले, शहरं फुगली, डॉक्टरांवर कारवाया झाल्या. आजही तिथली पगारातली दरी श्रीमंत देशांत सर्वांत मोठ्यांपैकी आहे. पण पोरगी म्हणजे दुसऱ्याच्या घरचं धन, हा हिशेब घराच्या आणि वारशाच्या कायद्यातूनही मोडता येतो, हे त्या देशाने दाखवलं.

आपला कायदा तर केव्हाच झालाय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाची वारस केलं, महाराष्ट्राने १९९४ मध्ये तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार केलं, केंद्राने २००५ मध्ये तेच केलं, आणि २००५ मध्ये बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी सातबारा जागचा हलत नाही, कारण कायद्याच्या पुढच्या टेबलावर हक्कसोड पत्र, म्हणजे बहिणीने आपला वाटा भावाला सोडल्याचा कागद, ठेवलेलं असतं. नाममात्र मुद्रांक, दोन साक्षीदार. बहिणी सकाळच्या एसटीने येतात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसतात, भाऊ चहा-भजी आणतो, आत फोटो आणि अंगठा होतो, बाहेर आल्यावर साडी-चोळी. 'माहेर तुटू नये' एवढ्या एका भीतीवर लाखोंची जमीन नावावरून उतरते. भावाने बहिणीच्या नावे हक्क सोडल्याचं कोणी ऐकलंय?

म्हणतात, आधीच दोन-अडीच एकर, त्यात बहिणींचे तुकडे पडले तर शेती राहील का? प्रश्न रास्त आहे. पण पाच भावांत पाच तुकडे पडताना हा प्रश्न कोणाला पडत नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्याला धाब्यावर बसवून आपण पिढ्यानपिढ्या वावरं वाटत आलो. आणि नाव लावायला वावर मोजून दगड रोवावे लागतात थोडेच? सामाईक खातं राहू शकतं. 'ती सासरी गेली, कसणार कोण?' असंही विचारतात. पुण्यात पंधरा वर्षांपासून कंपनीत असलेला भाऊ वावर मक्त्याने देतो, दिवाळीला येऊन पैसे मोजून नेतो. त्याच्या हक्काला कसण्याची अट नाही. राहिला हुंड्याचा मुद्दा, की तिचा वाटा लग्नातच दिला. दिला खरा, पण तिला नाही, तिच्या सासऱ्याला. लग्नासाठी काढलेलं कर्ज बापाच्या वावरावर, गाडी जावयाच्या नावावर. तिचं यात काय?

सगळ्यांत चिवट आक्षेप असा, की नाव लावलं तरी कारभार नवराच करणार, जसा सरपंचपती करतो. काही वर्षं करेलच. १९९३ पासून पंचायतीत ३३ टक्के जागा आल्या, २०११ पासून राज्यात ५० टक्के. सरपंचपती अजून खुर्चीमागे उभा आहे, हे खोटं नाही. पण पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींच्या अभ्यासात अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांना आढळलं की राखीव जागेवर बाई आली तिथे पिण्याच्या पाण्याच्या कामांना जोर आला. नावापुरतंच असलेलं नाव हळूहळू काम करायला लागतं. जमिनीचं नाव तर त्याहून पक्कं, कारण तिच्या सहीशिवाय विक्री होत नाही. दारूच्या किंवा सट्ट्याच्या नादाला लागलेल्या नवऱ्याच्या बायकोला विचारा या सहीची किंमत. केरळात अर्थतज्ज्ञ बिना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केलेल्या पाहणीत, जमीन-घर काहीच नसलेल्या बायकांपैकी ४९ टक्क्यांनी नवऱ्याकडून मारहाण सांगितली. दोन्ही असलेल्यांपैकी ७ टक्क्यांनी.

आणि हे सगळं बाहेरून आणलेलं खूळ आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपलाच प्रदेश आठवावा. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं, तेही असाच एक वाद वाईट तऱ्हेने चालला होता म्हणून: सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्यावरून वर्तमानपत्रं साऱ्या बायकांनाच नावं ठेवत होती. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित वर्गाच्या महिलांची परिषद भरली, अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे अमरावतीच्या. समाज किती पुढे गेला हे आपण त्यातल्या बायका किती पुढे गेल्या यावरून मोजतो, असं बाबासाहेब तिथे म्हणाले, आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना हिंदू कोड बिल रखडवल्याचं कारण त्यांनी पुढे ठेवलं. त्या बिलाला सनातनी विरोध ज्या मुद्द्यांवर पेटला, त्यात मुलीचा वारसा होता. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. पुरुषांनी, बिनसरकारी.

गडचिरोलीत तर उदाहरण जिवंत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे देणं बंधनकारक आहे. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही आणि तिथल्या मुलींच्या वारशाचा गुंता वेगळाच आहे, पण निदान वनपट्ट्यावर गोंड बाई जोडमालकीण आहे, आणि वर्धा-अकोल्याची कुणब्याची, तेल्याची बाई पाच पिढ्यांच्या वावरात मजूर. रवांडाने १९९९ मध्ये मुलींना वारशाचा समान हक्क दिला आणि नंतर देशभर जमीन मोजून नोंदवताना नवरा-बायको दोघांची नावं घातली. नरसंहारातून उठलेल्या देशाला जे जमलं ते आपल्या महसूल खात्याला जड जावं?

संधी सध्या दारात आहे. मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची 'जिवंत सातबारा' मोहीम २०२५ मध्ये बुलढाण्यापासून सुरू झाली आणि एप्रिलपासून राज्यभर गेली. वारसांची यादी खरी केली तर त्यात मुलींची नावं येतातच. धोका त्यानंतरच्या आठवड्यात आहे, लिंबाखालच्या त्या चहा-भज्यांत. म्हणून मागणी नेमकी करावी: वारस नोंदीनंतर सहा महिने हक्कसोड नोंदवू नये, नोंदवताना बहिणीच्या वाट्याची सरकारी दराने होणारी किंमत कागदावर लिहून तिला एकटीला, भाऊ खोलीबाहेर ठेवून, वाचून दाखवावी, आणि फार्मर आयडीत कसणाऱ्या बायकोचं नाव सहकसणारी म्हणून घ्यावं. ज्या गावात बाई सरपंच आहे तिथल्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला मुंबईच्या परवानगीची गरज नाही. सरपंचपतीचं मत आधी घ्यावं लागेल, हे मला माहीत आहे.